तीनदा पडल्यावर

सर्व्हर पडला तो सोमवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी. मला ते कळलं साडेअकराला, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, चार नंबरच्या मोटरच्या बेअरिंगवर हात ठेवून उभी असताना. बेअरिंग किती तापलंय हे मी अजून हातानंच बघते. भिंतीवर आकडे दाखवणारा डबा आहे आणि तो बरोबरच सांगतो, पण बावीस वर्षांची सवय जात नाही. खिशातला फोन थरथरला तर मला आधी वाटलं, मोटरच थरथरतेय. निरोप पोस्टमनचा होता. ‘काकू, पडलंय परत. आठ दिवसांत चौथ्यांदा. तुम्ही ते आपोआप चालू होण्याचं का नाही करून घेत? एवढंसं काम आहे.’ हा पोस्टमन कोण, कुठला, किती वर्षांचा, मला माहीत नाही. आमच्या खेळात त्यानं टपालाची पेटी बांधली आहे, म्हणून तो पोस्टमन. आवाजही कधी ऐकलेला नाही, पण गेली पाच वर्षं तो मला काकू म्हणतो, आणि माझ्या सख्ख्या पुतण्यापेक्षा जास्त वेळा म्हणतो.

खेळ म्हणजे ठोकळ्यांचं जग. त्यात खणायचं, बांधायचं, झाडं लावायची, चालत सुटायचं. ते जग आमच्या घरी मागच्या खोलीतल्या फळीवर, एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये चालतं. तो बंद पडला की सगळ्यांना दार बंद. माझी मुलगी बिट्टी तेरा वर्षांची असताना तिला कावीळ झाली होती आणि दोन महिने घरात पडून राहायचं होतं. तेव्हा मैत्रिणींबरोबर खेळता यावं म्हणून आम्ही दोघींनी पुस्तक वाचून, एकमेकींवर चिडून, तो उभा केला होता. मला धड चालताही यायचं नाही त्यात. मी खड्ड्यात पडायचे, आणि पिवळ्या डोळ्यांची माझी मुलगी पोट धरून हसायची. ‘आई, तू खऱ्या पाण्याचे पंप चालवतेस ना गं? मग ह्या पाण्यात कशी बुडतेस?’ पुढे मैत्रिणी पांगल्या. पंधरा-वीस जण उरले, त्यातले निम्मे अनोळखी. बिट्टीही कालांतरानं आर्किटेक्चर शिकायला दुसऱ्या शहरात गेली, इथून पाच तासांवर. सर्व्हर मात्र मी चालू ठेवला. नवरा म्हणायचा, ‘आता कशाला विजेची उधळण?’ मी म्हणायचे, लोक खेळतात. खरं कारण निराळं होतं. कॉम्प्युटर एक नोंदवही ठेवतो. कोण कधी आत आलं, कधी गेलं, त्याची एकेक ओळ. मी फक्त रविवारचं पान बघायचे. आठ-पंधरा दिवसांतून एकदा त्यावर ओळ दिसायची, ‘गोगलगाय आत आली’. गोगलगाय म्हणजे बिट्टी. ती तिथं काय करायची ते मी कधी बघितलं नाही. एवढी ओळ वाचली की मला शेजारच्या खोलीत दिवा लागल्यासारखं वाटायचं.

तीनला ड्युटी संपली. चार वाजता मी घरी फळीसमोर स्टूल ओढून बसले. सर्व्हर चालू केला आणि तो का पडला ते बघायला नोंदवही उघडली. शेवटची ओळ अकरा सातची होती: मेमरी संपली, बंद होत आहे. त्याच्या वरची ओळ नऊ बाराची होती. गोगलगाय आत आली. मध्ये काही नाही. म्हणजे दोन तास त्या सगळ्या जगात ती एकटी होती. मी तारीख पुन्हा बघितली. सोमवार. सोमवारी सकाळी नऊ ते एक तिचा स्टुडिओ, म्हणजे ड्रॉइंगचा वर्ग, असतो, आणि आज तर तिच्या ड्रॉइंगवर सगळे मास्तर मिळून बोलणार होते, असं तिनं कालच मला फोनवर सांगितलं होतं. पहिल्यांदा मनात आलं ते हे की कुणीतरी तिच्या नावानं आत शिरतंय. मला त्या विचारानं बरंही वाटलं. चोर असेल तर कुलूप बदलता येतं. मग मी खालची ताजी ओळ बघितली. मी सर्व्हर चालू केला होता चार वाजून दोन मिनिटांनी; चार वाजून तीन मिनिटांनी गोगलगाय आत आली होती. पाच तास कुणीतरी त्या बंद दारावर धक्के मारत बसलं होतं. मी मागच्या आठवड्याची पानं काढली, मग त्याच्या मागची. नऊ दहा, नऊ बारा, नऊ आठ. बाहेर जायची वेळ चार पन्नास. शनिवार-रविवार कोरे. पाच आठवडे, कामाचे सगळे दिवस, एखाद्या कारखान्याच्या हजेरीबुकासारखे. आणि रोज पाच वाजता मी फोन करते तेव्हा ती म्हणते, ‘आत्ताच सुटले गं.’

पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी स्टुलावरून उठले नाही. मला उगाचच खोलीचा कोपरान् कोपरा स्वच्छ दिसत होता: फळीवरची धूळ, वायरला बांधलेला तिचा जुना केसांचा रबर. मी फोन लावला. ‘आत्ताच सुटले गं,’ ती म्हणाली. मी विचारलं, ‘काय म्हणाले मास्तर?’ ती म्हणाली, ‘जिना चुकलाय म्हणाले. पायऱ्या फार उंच झाल्यात. पण दर्शनी भाग आवडला त्यांना. एक जण म्हणाले, तू उजेडाचा विचार करतेस.’ किती बारीकसारीक सांगत होती. मला तो जिना दिसला, त्याच्या उंच पायऱ्या दिसल्या. मी म्हटलं, ‘मग पायऱ्या कमी कर.’ ‘हो, करते,’ ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मला कळेना की आता खोटं कोण बोललं. ती तर बोललीच. पण मी सगळं ठाऊक असताना त्या जिन्याच्या पायऱ्या मोजत बसले, त्याला काय म्हणायचं?

नवरा दुकानातून आला तेव्हा त्याला सांगितलं. तो चष्मे करतो. दिवसभर काचा घासून त्याच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. त्यानं नोंदवही शांतपणे वाचली. ‘सुट्टी असेल त्यांना.’ ‘पाच आठवडे?’ ‘मग कॉलेजातून खेळत असेल. आजकाल वर्गात बसूनही…’ तो थांबला. ‘तू विचार ना तिला.’ मी म्हटलं, ‘काय विचारू? तुझी नोंदवही वाचते म्हणून?’ तो म्हणाला, ‘तेवढी एकच गोष्ट आहे का विचारण्यासारखी?’ मी त्याच्यावर चिडले, कारण त्याचं बरोबर होतं. पण मला भीती वाटत होती. आपण ती ओळ वाचतो हे तिला कळलं की ती तिथूनही जाईल, आणि मग माझ्याकडे फक्त पाच वाजताचा तो आवाज उरेल, उजेडाचा विचार करणारा.

काहीच करता येत नाही तेव्हा माणूस जे करता येईल ते करत बसतो. दुसऱ्या दिवशी मी आमच्या इन्स्ट्रुमेंटवाल्याला गाठलं. सगळी मीटरं, रिले त्याच्या ताब्यात. हसरा माणूस आहे, दर वाक्याला डोकं खाजवतो. म्हटलं, घरी एक कॉम्प्युटर आहे, त्यातला प्रोग्रॅम पडतो, तो आपोआप उठला पाहिजे. त्यानं चहाच्या पेल्याखालचा कागद ओढला आणि सात-आठ ओळी लिहून दिल्या. ‘हे बघा ताई. प्रोग्रॅम चालू कर. तो संपेपर्यंत वाट बघ. संपला की दहा सेकंद थांब. परत पहिल्या ओळीवर जा. झालं. हे मरेपर्यंत फिरत राहील.’ मग डोकं खाजवून म्हणाला, ‘फक्त किती वेळा उठवायचं ते ठरवा. लोक काही ठरवत नाहीत, अखंड ठेवतात.’

‘तीन,’ मी म्हटलं. ‘तासाभरात तीनदा पडला की उठवायचा नाही. थांबायचं आणि मला निरोप पाठवायचा.’

‘खेळच आहे ना तो? पडला तर पडला, उठेल परत.’

‘तीन,’ मी म्हटलं.

हा आकडा माझा नव्हे, पंपघराचा आहे. मी नोकरीला लागले त्या वर्षी दोन नंबरच्या पंपाला कुणीतरी टायमर लावून ठेवला होता, की ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला, तर दोन मिनिटांनी आपोआप चालू व्हावा. चांगलं चाललं होतं. कुणाला उठून जावं लागत नव्हतं. एका सकाळी मी ड्युटीवर आले तर फाटकापाशीच वास आला, जळक्या व्हार्निशचा. तो एकदा नाकात बसला की जेवणातही येतो. पाणी ओढायच्या तोंडाशी झडप अडकली होती. पंप कोरडा फिरत होता, ट्रिप होत होता, टायमर त्याला पुन्हा उभा करत होता. ट्रिप मोजणाऱ्या रिलेवर अकरा वेळांची नोंद होती. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला दर वेळी हिरवा दिवा लागलेला दिसला आणि तो निर्धास्त राहिला. आमचे म्हातारे ऑपरेटर मोटरच्या काळ्या पडलेल्या तारांच्या वाइंडिंगकडे बघत मला म्हणाले होते, ‘पोरी, पहिल्या दोन वेळा मशीनचा दोष. तिसऱ्या वेळेनंतर आपला. कुणीतरी उठून बघायला नको का?’ तेव्हापासून आमच्याकडे तीनचा नियम आहे. तो मी पंपांना लावला. घरात कधी लावला नाही. बिट्टी बारावीनंतर पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेत नापास झाली, आम्ही तिला उभी केली. दुसऱ्या वर्षी झाली, उभी केली. कॉलेजच्या पहिल्या सहामाहीत रडत घरी आली, तिला चार दिवस झोपू दिलं, खाऊपिऊ घातलं आणि रविवारी बसमध्ये बसवून दिलं; खिडकीतून हात हलवत होती. आम्हाला केवढं कौतुक होतं तिचं. पडते पण उठते, असं नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा.

मंगळवारी दुपारी मी त्या आठ ओळी कॉम्प्युटरात घातल्या. एक स्वल्पविराम चुकला होता, त्यात अर्धा तास गेला. मग खरंच चालतं का बघायला मी सर्व्हर स्वतःच्या हातानं पाडला. आत तेव्हा ती एकटीच होती. पाडताना मला तिला ढकलल्यासारखं झालं. दहा सेकंद स्क्रीन काळी. मग ओळी भराभर पळायला लागल्या, जग तयार, दार उघडं. चाळिसाव्या सेकंदाला: गोगलगाय आत आली. बुधवारी तो आपणहून दोनदा पडला आणि दोनदा उठला. गुरुवारी तसंच. पोस्टमननं लिहिलं, ‘वा काकू, झकास. पण एक विचारू? नवी जमीन तयार करायला लागली की मेमरी खातो तो. कुणीतरी फार लांब चालतंय, न थांबता. म्हणून पडतोय.’ गुरुवारी दुपारी मी कॉम्प्युटरला विचारलं, गोगलगाय कुठे आहे? त्यानं आकडे दिले. खेळातलं आमचं जुनं घर शून्यावर आहे, तिनं आजारपणात बांधलेलं, गच्चीवालं. ती तिथून पश्चिमेला इतकी दूर होती की तो आकडा मला आधी वाचताच आला नाही. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. त्याच रेषेवर, आणखी पश्चिमेला. ना खणणं, ना बांधणं, ना वळणं. पाच आठवडे माझी मुलगी सरळ रेषेत चालत होती आणि तिच्या पुढे पुढे माझ्या फळीवरचा तो बापडा कॉम्प्युटर जमीन तयार करत होता. मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, कारण माझा आवाज कसा फुटेल ह्याचा भरवसा नव्हता. पाच वाजता ती म्हणाली, ‘पायऱ्या केल्या कमी.’ मी म्हटलं, ‘छान.’

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, ‘रविवारी जाऊन येऊ या का?’ मी म्हटलं, ‘बघू.’ शुक्रवारी सकाळी ड्युटीवर गेले. पंपांची घरघर बावीस वर्षं कानात आहे, ती मला ऐकू येत नाही. थांबली तरच ऐकू येते. त्या दिवशी मात्र ती सारखी ऐकू येत होती. दहा वाजून वीस मिनिटांनी फोन थरथरला. पोस्टमन नव्हता. माझ्याच कॉम्प्युटरनं पाठवलेला निरोप होता, माझ्याच शब्दांत: ‘तासात तीनदा पडला. थांबवला आहे. येऊन बघा.’ मी तो वाचत असतानाच फोन वाजला. बिट्टी. सकाळी साडेदहाच्या आत तिनं आपणहून फोन केल्याला वर्ष झालं असेल.

‘आई, सर्व्हर पडलाय. उठतच नाहीये. बाबांना सांग ना बटण दाबायला, दुकानातून दहा मिनिटांत जातील ते.’ आवाज घाईचा होता, पळत आल्यासारखा.

दहा मिनिटांचंच काम होतं. नवरा गेलाही असता. मी कंट्रोल पॅनेलच्या खुर्चीवर बसले. ‘आज शुक्रवार आहे,’ मी म्हटलं. ‘तुझा वर्ग?’

पलीकडे खुर्ची सरकली.

‘आई, मी जात नाही.’

‘माहीत आहे.’

‘कधीपासून माहीत आहे?’

‘सोमवारपासून.’

‘सोमवारपासून?’ ती म्हणाली. ‘म्हणजे जिन्याचं मी तुला सांगितलं तेव्हा… मग बोलली का नाहीस?’

मी म्हटलं, ‘घाबरले.’ ती रडत नव्हती. रडली असती तर मला जमलं असतं. सपाट आवाजात सांगत होती की ती रोज सकाळी आवरते, सॅक भरते, दाराशी जाते आणि दाराची कडी दिसली की परत येऊन बसते. ‘पाचला दहा कमी असताना मी वही घेते आणि तुला काय सांगायचं ते लिहून काढते. खाडाखोड करते. कधी कधी चांगलं जमतं. त्या जिन्याचं चांगलं जमलं होतं.’ आणि मग म्हणाली, ‘चालत असलं की काही वाटत नाही. आता ते बंद पडलंय, मला काय करावं कळत नाहीये. आई, प्लीज, चालू कर.’

मी म्हटलं, ‘नाही करणार. मी येते.’

‘रविवारी?’

‘आत्ता निघते. फोन बाबांना देते जोडून, मी बसमध्ये बसेपर्यंत त्यांच्याशी बोल. नसेल बोलायचं तर नुसता कानाला धरून ठेव. ते काचा घासतील, ती घासघास ऐक.’

नवऱ्यानं काही विचारलं नाही. मागाहून कळलं की त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दीड तास तो तिला एकेका गिऱ्हाइकाचा चष्मा वर्णन करून सांगत होता. मी मुख्य इंजिनिअरना फोन केला. मधली ड्युटी सोडून जाण्याची बावीस वर्षांतली ही पहिली वेळ. ते म्हणाले, ‘बदली माणूस येईपर्यंत थांबता येईल?’ मी अर्धा तास थांबले. ह्या सगळ्यात मी सर्वांत जास्त घाबरले असेन ती त्या अर्ध्या तासात. चारही पंप चालू होते, दाब बरोबर होता, बेअरिंगं गार होती, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाखाली पर्स छातीशी धरून उभी होते. बसमध्ये पाच तास मी खिडकीबाहेर काय बघितलं ते आठवत नाही. पुढच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी किल्लीनं घर कोरलं होतं, एक दार, दोन खिडक्या, ते तेवढं आठवतं. दर थांब्यावर मी तिला एक शब्द पाठवत होते, गावाचं नाव. ती उत्तर म्हणून एक टिंब पाठवत होती. टिंब आलं की मी पुढच्या थांब्यापर्यंतचा श्वास घ्यायचे.

दार तिच्याबरोबर राहणाऱ्या नर्सनं उघडलं. ती नुकतीच कामावरून आली होती, बूटही पायात होते. मी बाहेर थांबायला लागले तर हात धरून आत घेतलं. ‘काकू, मला वाटायचं ती जाते कॉलेजला. मी सकाळी सहाला निघते, संध्याकाळी सहाला येते. भेटतो तेव्हा आवरलेलीच असते.’ तिचा चेहरा इतका ओशाळला होता की मीच तिला म्हटलं, ‘आम्हालाही तसंच वाटलं.’ बिट्टी पलंगाच्या कडेवर बसली होती. इस्त्रीचा शर्ट, वेणी घातलेली, पायात मोजे. खोली नीटनेटकी होती. मी मनात पसारा धरून आले होते, तो नव्हता. टेबलावर पेन्सिली टोक करून ओळीनं ठेवल्या होत्या, एकही झिजली नव्हती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तू पंपघराचे कपडे घालून आलीस.’ मी शेजारी बसले. तिला जवळ घ्यावं की नाही हे मला कळेना. आपल्याच मुलीला हात लावायची परवानगी घ्यावीशी वाटली. मग तीच आडवी झाली, माझ्या मांडीवर नाही, जराशी बाजूला, आणि तिचं डोकं माझ्या कमरेला टेकलं. पाचच मिनिटांत झोपली. नर्सनं तिच्या पायांतले मोजे काढले, इतक्या सराईतपणे की तिला जाग आली नाही, आणि मला खुणेनं म्हणाली, झोपू दे.

ती चौदा तास झोपली. सकाळी उजेड आल्यावर डोळे उघडले तेव्हा मी टेबलाशी बसून नर्सनं करून दिलेला चहा पीत होते; तिला त्या दिवशी सुट्टी होती.

‘तुझी ड्युटी?’ तिनं विचारलं.

‘सांगून आलेय.’

‘काय सांगितलंस?’

‘खरं तेच. मुलगी आजारी आहे म्हणून.’

तिनं कूस बदलली आणि माझ्याकडे बघितलं. मी पेला खाली ठेवला. मला वाटलं आता ती म्हणेल, मी कुठे आजारी आहे, काहीतरीच काय. हे बोलायला नको होतं, असं माझ्या मनात येऊन गेलं. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकलत होतं. ते अर्ध्यावर अडलं, मग गेलं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘आहे.’

मग पांघरूण बाजूला करून ती उठून बसली, पाय जमिनीला लावले, आणि नर्सला हाक मारून विचारलं, ‘तुमच्या दवाखान्यातल्या त्या मनाच्या डॉक्टर शनिवारी किती वाजता येतात?’